न बोलणारीं पात्रें

आम्हीं बत्तीस वर्षें मराठी हा विषय शिकविला. आमचें सारें पोट शब्दांवर चाललें. त्यामुळें शब्दांवांचूनही एका माणसाचें मन दुसऱ्यास कळतें, ही साधी गोष्ट मान्य करण्यास आम्हांस फार उशीर लागला. किती उशीर लागला, आणि तेवढ्यांत आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर कसा अन्याय घडला, हें या वार्षिकांत लिहून ठेवावें असें पुष्कळ दिवस मनांत होतें. त्या गोष्टीची वाट मात्र आमच्या शाळेच्या सभागृहांतून निघून लंडनवरून जाते. तेव्हां वाचकांनीं थोडा धीर धरावा.

१९९४ सालच्या स्नेहसंमेलनांत आम्हीं एक लहानसें ऐतिहासिक नाटक बसविलें होतें. किल्लेदाराचा एकुलता मुलगा लढाईंत पडतो, जासूद ती वार्ता घेऊन येतो, आणि किल्लेदार आपलें दुःख गिळून पुन्हां तटावर जातो, एवढेंच कथानक. भाषणें आम्हींच लिहिलीं होतीं व तीं लांबलचक होतीं, हें आतां कबूल करण्यास हरकत नाहीं. त्या वेळीं आठवीच्या वर्गांत एक मुलगा होता. तो बोलूं लागला कीं पहिलें अक्षरच त्याच्या ओठांवर अडून बसे, आणि वर्ग हंसे. त्याला नाटकांत काम हवें होतें. आम्हीं त्यास भालदाराचें काम दिलें. म्हणजे दाराशीं भाला घेऊन उभें राहावयाचें, बोलावयाचें कांहींच नाहीं. भाला शाळेच्या सुतारानें बाभळीच्या दांड्यास पत्र्याचें पातें ठोकून करून दिला होता. या मुलावर आपण उपकारच केला, अशी आमची समजूत होती.

प्रयोगाच्या रात्रीं जासुदानें वार्ता सांगितली, किल्लेदाराचें स्वगत सुरू झालें, आणि थोड्याच वेळांत आमच्या ध्यानांत आलें कीं प्रेक्षक किल्लेदाराकडे पाहतच नाहींत. ते मागें, दाराकडे पाहत होते. भालदाराचा भाला सरळ राहिला नव्हता. तो हळूहळू कलत खालीं येत होता. मुलाची मानही त्याच्याबरोबर वांकत होती. आणि शेवटीं पातें जमिनीस टेकलें तेव्हां पुढच्या रांगेंतील एका बाईंनीं पदर डोळ्यांस लावला. आमचें स्वगत कोणीं ऐकलें नाहीं. पडदा पडल्यावर आम्ही त्या मुलावर सर्वांदेखत रागावलों. "तुला नुसतें उभें राहावयास सांगितलें होतें, तेवढेंही तुला जमूं नये?" असे आमचे शब्द होते. त्यानें उत्तर देण्याचा यत्न केला. पहिलें अक्षर नेहमींप्रमाणें अडलें, आणि तें सुटण्याची वाट न पाहतां आम्ही निघून गेलों. पुढच्या वर्षीं त्यानें नाटकासाठीं नांव दिलें नाहीं.

यानंतर चोवीस वर्षांनीं, २०१८ च्या हिवाळ्यांत, लंडन येथें आमच्या भाच्याच्या घरीं जाण्याचा योग आला. भाच्याची आठ वर्षांची मुलगी दर शनिवारीं बॅलेच्या वर्गास जात असे, आणि आजोबांस बॅले दाखविल्यावांचून परत पाठवावयाचें नाहीं, असा तिचा हट्ट होता. "मामा, तुम्हांला आवडणार नाहीं, पण तिचें मन राखा," असें भाचा आम्हांस बाजूस घेऊन म्हणाला. एके संध्याकाळीं कॉव्हेंट गार्डन येथील रॉयल ऑपेरा हाउस या नाट्यगृहांत, अगदीं वरच्या सज्जांत, आम्ही तिच्या शेजारीं जाऊन बसलों. इतक्या उंचावरून नर्तकांचे चेहरे नीट दिसणार नाहींत म्हणून आम्ही जरा हिरमुसलों होतों. पण चेहरे दिसले नाहींत हेंच बरें झालें, हें मागाहून कळलें.

बॅलेविषयीं आमची कल्पना सामान्य माणसाची असते तशीच होती: पायाच्या बोटांवर उभें राहावयाचें, गिरक्या घ्यावयाच्या, उड्या मारावयाच्या, आणि लोकांनीं टाळ्या वाजवावयाच्या. त्यांत कथा असते असें ऐकून होतों, पण ती सांगणार कोण? सूत्रधार नाहीं, पद नाहीं, एकही संवाद नाहीं. आपल्या कीर्तनांत बुवा घटकेंत द्रौपदी होतात आणि घटकेंत दुःशासन; परंतु तेथें ओवी व अभंग यांचा हात धरून श्रोता चालतो. येथें तर धरावयास हातच नव्हता. हें आम्हीं बोलून दाखविलें तेव्हां नात म्हणाली, "आजोबा, तुम्ही फक्त त्यांचे हात बघा. बाकीचं मी सांगते."

त्या रात्रीचें नृत्यनाट्य 'जिझेल' हें होतें. त्याचा पहिला प्रयोग पॅरिसच्या ऑपेरांत २८ जून १८४१ रोजीं झाला. कथा थेओफील गोतिए हा कवि आणि सँ-झॉर्ज हा नाटककार यांनीं मिळून रचली, संगीत आडॉल्फ आदाम याचें, नृत्यें झाँ कोराली व झ्यूल पेरो यांनीं बसविलीं, आणि नायिका कार्लोता ग्रिझी ही होती. कथा थोडक्यांत अशी: ऱ्हाईन नदीच्या कांठच्या एका खेड्यांत जिझेल नांवाची मुलगी आपल्या विधवा आईजवळ राहते. आल्ब्रेख्त नांवाचा एक सरदार शेतकऱ्याच्या वेषांत तेथें येऊन तिचें मन जिंकतो. त्याचा वाङ्‌निश्चय एका राजकन्येशीं आधींच झालेला आहे. जिझेलवर मुकेपणीं प्रेम करणारा हिलेरियन नांवाचा वनरक्षक हें कपट उघडकीस आणतो. त्या धक्क्यानें जिझेल वेडी होते आणि मरते. दुसऱ्या अंकांत ती अरण्यांतील 'विलीं'च्या मेळ्यांत जाते. लग्नापूर्वींच फसवणुकीनें मेलेल्या मुली म्हणजे विली. त्या रात्रीं थडग्यांतून उठतात आणि हातीं सांपडेल त्या पुरुषास मरेपर्यंत नाचवितात.

हें सारें आम्हांस प्रथम नातीकडून कळलें. दोन्ही हात डोक्यावर नेऊन एकमेकांभोंवतीं फिरविले म्हणजे 'नाचूं या'. छातीवर हात ठेवले म्हणजे 'प्रेम'. डाव्या हाताच्या अनामिकेकडे बोट दाखविलें म्हणजे 'लग्न'. उजवा हात उंच करून दोन बोटें आकाशाकडे धरलीं म्हणजे 'शपथ'. आणि दोन्ही मुठी वळून मनगटें एकमेकांवर टाकून हात खालीं ताणले म्हणजे 'मरण'. जिझेलची आई गांवच्या पोरींस विलींची गोष्ट सांगते ती याच खुणांनीं: रात्र, अरण्य, थडगीं, पंख, नाच, आणि शेवटीं त्या दोन मुठी. आमच्या नातीनें ती सगळी गोष्ट अंधारांत आमच्या कानांत मराठींत सांगितली. आयुष्यभर मुलांस कवितेचा अर्थ सांगणाऱ्या माणसास आठ वर्षांच्या मुलीकडून अर्थ ऐकावा लागला, आणि त्यांत आम्हांस गंमतही वाटली.

तरी एवढ्यावरून आम्ही फारसे प्रभावित झालों नव्हतों, हें खरें सांगितलें पाहिजे. खुणांची भाषा म्हणजे शेवटीं शब्दकोशच. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रांत हस्तांचे प्रकार सांगितले आहेत. आपल्या दक्षिणेंतील कथकळींत हातांनीं वाक्येंच्या वाक्यें रचतात. त्या मानानें पॅरिसच्या या पांचपन्नास खुणा आम्हांस बाळबोध वाटल्या. पण नात ज्यांविषयीं कांहीं बोलत नव्हती अशा बारीकसारीक गोष्टींकडे आमचें लक्ष जाऊं लागलें. आल्ब्रेख्त शेतकऱ्याच्या कपड्यांत आहे, पण चालतो सरदारासारखा. मान ताठ, पाऊल मोकळें, जणूं वाट त्याच्यासाठींच केलेली. हिलेरियन खरोखरीचा रानांतला माणूस. तो टांच टेकून जड चालतो, आणि पहिल्या अंकांत तो जवळजवळ नाचतच नाहीं. दोघांची बाचाबाची होते आणि आल्ब्रेख्तचा हात एकदम कमरेकडे जातो. कमरेस तलवार नाहीं. ती त्यानें झोंपडींत लपविली आहे. पण हातास तें कुठें ठाऊक? त्या एका क्षणांत हिलेरियन थबकतो आणि त्याच्या रिकाम्या कमरेकडे पाहतो. शेतकऱ्याचा हात तलवारीकडे कसा जाईल? येथून पुढें सर्व अनर्थ ओढवतो, आणि त्याचा उगम एका संवयीच्या हालचालींत आहे.

जिझेलचेंही तसेंच. ती लाजाळू आहे हें कोणी सांगत नाहीं. ती बाकावर बसते आणि घागरा असा पसरून घेते कीं त्याला बसावयास जागाच उरत नाहीं. तो हळूच घागरा बाजूस सारतो तशी ती तटकन् उठते. तो शपथेसाठीं दोन बोटें वर करतो तेव्हां ती घाईनें त्याचा हात खालीं ओढते. तिला शपथेचें भय वाटतें. मग ती डेझीचें फूल खुडते आणि 'प्रेम करतो, प्रेम करीत नाहीं' असें म्हणत एकेक पाकळी तोडते. शेवट वाईट येणार हें पाहून फूल टाकून देते. तो तें उचलतो, पाठमोरा होऊन एक पाकळी गुपचूप काढतो, आणि उत्तर चांगलें आलें म्हणून दाखवितो. प्रेक्षागृहांत हंसूं पिकलें. आम्हीही हंसलों. त्या हंसण्याची किंमत अर्ध्या घटकेनें द्यावी लागणार आहे, हें तेव्हां कळलें नाहीं. यानंतर दोघें हातांत हात गुंफून हलक्या उड्यांनीं रंगभूमि ओलांडतात. तें लहानसें पाऊल इतकें आनंदी आहे कीं तें पाहणाऱ्याच्या पायांतही येतें. शिकारीच्या निमित्तानें ती राजकन्या येते, तेव्हां जिझेल तिच्या जरीच्या वस्त्राचा कांठ चोरून हातानें चांचपते. 'तूं काय काम करतेस?' या प्रश्नास ती विणण्याची खूण करते, पण लगेच नाचण्याची. दोघी मुली एकमेकींस अनामिका दाखवितात: माझें लग्न ठरलें आहे, माझेंही ठरलें आहे. दोघींचा वर एकच.

आणि मग वेडाचा प्रवेश. राजकन्या पुन्हां तीच अनामिका दाखविते, या खेपेस आल्ब्रेख्तकडे वळून. आणि जिझेल कोसळते. ती उठते तेव्हां तिचे केंस सुटलेले असतात. येथें नातीनें आमचा हात धरला आणि ती कुजबुजली, "आता मी काही सांगत नाही हं, आजोबा. आता कळतं." खरोखरच कळत होतें. जिझेल नवें असें कांहींच करीत नाहीं. ती हातांत नसलेल्या फुलाच्या पाकळ्या तोडते. शेजारीं नसलेल्या माणसाच्या हातांत हात गुंफते आणि तेंच आनंदी पाऊल टाकूं लागते. पण दोन पावलें पडतात न पडतात तों तिसरें विसरतें, गुडघा मध्येंच लवतो, संगीत पुढें जातें आणि ती मागें राहते. आदामनें त्या फुलाची आणि त्या नाचाची सुरावट येथें पुन्हां आणली आहे, तीही तुटकतुटक. ती जमिनीवरील तलवार भलत्याच टोंकानें उचलते आणि मूठ भुईवरून फरफटत गांवकऱ्यांभोंवतीं रेघ ओढीत जाते. मघां आम्हीं जें पाऊल पाहून हंसलों होतों, तेंच आतां पाहवेना. पाऊल तेंच होतें, क्रम तोच होता; मोडलें होतें तें करणारीचें मन. कवितेंत ध्रुवपद पुन्हां येतें तेव्हां अर्थ बदलून येतें, असें आम्ही वर्गांत शेंकडों वेळां सांगितलें असेल. पायांसही ध्रुवपद असतें, हें त्या रात्रीं प्रथम पाहिलें.

तिच्या मरणाविषयीं नाट्यगृहांत दोन परंपरा आहेत. एकीप्रमाणें तिचें हृदय जन्मतःच दुबळें असतें व तें बंद पडतें. मग नर्तकीस आधींपासून नाचतां नाचतां छातीवर हात नेऊन थबकावें लागतें, म्हणजे शेवट पटतो. दुसरीप्रमाणें ती आल्ब्रेख्तची तलवार स्वतःच्याच छातींत खुपसते. आम्हीं पाहिलेला प्रयोग पीटर राइट यांनीं १९८५ साली बसविलेला, आणि त्यांत तलवारच होती. तिचें थडगें गांवच्या पवित्र भूमींत नसून दूर अरण्यांत कां, याचें उत्तर त्यामुळें आपोआप मिळतें. आम्हांस हाच शेवट अधिक सयुक्तिक वाटला, जरी पुष्कळ जाणत्यांस पहिला रुचतो.

परत आल्यावर आम्हीं या विषयावर जें मिळेल तें वाचून काढलें. बॅलेची कला चौदाव्या लुईच्या दरबारांत शिस्तीस लागली. त्यानें १६६१ साली नृत्याची राजमान्य संस्था स्थापिली. पाय मांडीपासून बाहेरच्या बाजूस वळवून उभें राहण्याच्या पांच ठराविक रीतीही त्याच काळीं पक्क्या झाल्या. परंतु पुढें कित्येक वर्षें नर्तक मुखवटे घालीत, नर्तकी घेरदार अवजड वस्त्रें नेसत, आणि कथेशीं नाचाचा संबंध नांवापुरता असे. १७३४ साली मारी साले या फ्रेंच नर्तकीनें लंडनमध्यें साधें मलमली वस्त्र नेसून व केंस मोकळे सोडून काम केलें, तेव्हां मोठी खळबळ उडाली. झाँ-जॉर्ज नोव्हेर यानें १७६० साली आपलीं पत्रें छापून मुखवट्यांवर हल्ला चढविला, आणि नृत्यानें कथा सांगितली पाहिजे असा आग्रह धरला. त्याचा जन्मदिवस २९ एप्रिल. १९८२ पासून तोच जागतिक नृत्यदिन म्हणून पाळतात. पायाच्या बोटांच्या टोंकांवर उभें राहण्यासही अर्थ आला तो कथेमुळेंच. १८३२ साली मारी ताल्योनी हिनें पॅरिसमध्यें 'ला सिल्फीद' या नृत्यनाट्यांत वनदेवतेचें काम केलें, आणि बोटांवर चढणें ही कसरत न राहतां भूमीशीं संबंध सुटल्याची खूण झाली. पाय टेकला तर माणूस, न टेकल्यासारखा वाटला तर अमानुष.

'जिझेल'च्या दुसऱ्या अंकांत याचाच प्रत्यय येतो. विलींची राणी मिर्था प्रथम प्रवेश करते ती बोटांवर अत्यंत बारीक पावलें टाकीत. वरून पाहणारास ती चालते असें वाटतच नाहीं, पाण्यावरून दिवा सोडावा तशी ती सरकते. तिचे हात कधीं कोणाकडे झुकत नाहींत. तिचा नकार म्हणजे एक हात खालीं, मान बाजूस. हिलेरियन गयावया करतो, विली त्याला नाचवून नाचवून तळ्यांत लोटतात, आणि त्यांच्या रांगेंतील एकही रेघ मोडत नाहीं. निर्दयपणा दांतओंठ खाऊन दाखवावा लागत नाहीं. तो सरळ रेघेंत असतो. जिझेलही आतां तशीच पांढरी, तशीच हलकी आहे, पण तिची मान जरा पुढें झुकलेली, हात कोपरांत मऊ. पहांटेपर्यंत आल्ब्रेख्तला जिवंत ठेवण्यासाठीं ती त्याच्या जागीं नाचते, त्याच्यापुढें उभी राहते. आल्ब्रेख्तकडून मिर्था उड्यांवर उड्या मारविते. कांहीं प्रयोगांत तो जागच्या जागीं उडून हवेंतच पाय पुनःपुन्हां एकमेकांवर ओलांडतो, आणि तें थांबतच नाहीं. एरवीं ही कसरत टाळ्यांसाठीं. येथें प्रेक्षक टाळ्या वाजवितात खरे, पण समोर एक माणूस दमून मरत असतो. देवळाची घंटा होते, विली विरतात, जिझेलही थडग्यांत परत जाते. शेवटीं तो एकटा उभा असतो, आणि त्याची पहिल्या अंकांतली ती सरदारी चाल कुठल्या कुठें गेलेली असते.

यानंतर आम्हांस नाद लागला. जीं जीं नृत्यनाट्यें पाहावयास मिळालीं, बहुतेक चित्रफितींवर, तीं पाहिलीं. 'स्वान लेक'मध्यें, विशेषतः पेतिपा व इव्हानोव्ह यांनीं १८९५ साली सेंट पीटर्सबर्गला बसविलेल्या रूपापासून, शापित राजकन्या ओडेट आणि तिचें सोंग घेऊन आलेली कपटी ओडील या दोघी बहुधा एकच नर्तकी करते. चेहरा एक, अंग एक. ओडेटचे हात पंखांसारखे खांद्यापासून उलगडतात, मान सारखी मागें वळते, दृष्टि राजपुत्रास टाळते. ओडील त्याच्या डोळ्यांत डोळे घालते, प्रत्येक हालचाल टोंकदार करून सोडते, आणि मधूनच ओडेटच्या पंखांची हुबेहूब नक्कल करते. तेवढ्यावर राजपुत्र फसतो. तोही दोन बोटें वर करून शपथ घेतो! ओडीलच्या बत्तीस गिरक्या प्रसिद्ध आहेत, आणि सामान्य नर्तकीच्या पायीं त्या सर्कशीच्या होतात हेंही खरें. पण चांगली नर्तकी त्या घेते तेव्हां भोंवळ तिला न येतां राजपुत्रास येते. रशियांत पुढें पुष्कळ ठिकाणीं जुन्या खुणा काढून टाकून त्यांच्या जागीं नाचच घातला. आम्हांस तें पटत नाहीं. ओडेट आपल्या आईच्या आंसवांनीं हें तळें झालें असें हातांनीं सांगते, तें काढल्यास मागें नुसतें पाणी उरतें.

स्वभाव पायांत कसा असतो हें पाहावयाचें असेल त्यानें 'पेत्रुश्का' पाहावें. मिखाइल फोकीन यानें तें १९११ साली पॅरिसमध्यें स्त्राविन्स्कीच्या संगीतावर बसविलें. जत्रेंतल्या तीन बाहुल्यांची ही गोष्ट. बॅलेचा पाय बाहेर वळलेला असावयाचा हा नियम. फोकीननें दांडगट मूराचे पाय खूप बाहेर वळविले, आणि बिचाऱ्या पेत्रुश्काचे आंत. गुडघे आंत, पावलें आंत, हात लोंबते. निजिन्स्की हें काम करीत असे. पाऊल आंत कीं बाहेर, एवढ्या फरकांत एक माणूस जगास व्यापतो आणि दुसरा स्वतःच्याच अंगांत दडतो.

त्याच प्रयोगांतील बाहुलीचें काम तामारा कार्साविना हिचें होतें. पुढें ती लंडनला स्थायिक झाली. 'ला फीय माल गार्दे' या जुन्या नृत्यनाट्यांत घरांत कोंडलेली एक मुलगी आपलें लग्न होईल, मुलें होतील, अशीं स्वप्नें नुसत्या हावभावांनीं पाहते. हा प्रवेश कार्साविनानें रशियांत आत्मसात केला होता. फ्रेडरिक ॲश्टन यानें १९६० साली लंडनला तें नाट्य नव्यानें बसविलें तेव्हां तिनें तो त्यास स्वतः करून दाखविला. तिच्या अंगांतून तो पुढच्या पिढीच्या अंगांत गेला. आपल्याकडील गुरुशिष्यपरंपरेहून हें निराळें नाहीं. जातां जातां आणखी एक सांगावेंसें वाटतें. ॲना पाव्हलोव्हा, जिची जिझेल रशियांत १९०३ पासून गाजली, ती १९२२-२३ च्या पूर्वेकडील दौऱ्यांत मुंबईस येऊन नाचून गेली. आणि मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकलेला तरुण उदय शंकर १९२३ साली लंडनला तिच्याबरोबर राधाकृष्णांच्या नृत्यांत कृष्ण झाला. तें नाट्यगृह कॉव्हेंट गार्डनचेंच. आम्ही वरच्या सज्जांत बसलों होतों तेव्हां हें ठाऊक असतें तर बरें झालें असतें.

पण त्या सज्जांत आम्हांस जें खरोखर बोचलें तें निराळेंच. वेडाच्या प्रवेशांत जिझेलभोंवतीं सारा गांव उभा असतो. कोणी नाचत नाहीं. तरी त्यांतली एक पोरगी तोंडावर हात नेतां नेतां मध्येंच थांबते. एक म्हातारा टोपी काढतो. तलवारीची रेघ जवळ येते तशी गर्दी एका अंगासारखी मागें सरते. त्या गर्दीच्या कडेस एक शिपाई उभा होता, राजकन्येबरोबर आलेला. हातांत भाला. तो अगदीं ताठ होता, जसा असावा तसा. आणि आमच्या मनांत एकदम आलें कीं याचा भाला जरा कलावयास हवा होता. त्यानंतरचें आम्हांस फारसें दिसलें नाहीं. दिवे लागले तेव्हां नातीनें विचारलें, "आजोबा, तुम्हांला जिझेलसाठी रडू आलं?" आम्ही "हो" म्हणालों. तें सर्वस्वीं खरें नव्हतें.

गेल्या डिसेंबरांत, निवृत्तीनंतर पुष्कळ वर्षांनीं, आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनास पाहुणे म्हणून आलों होतों. मांडवांत एक गृहस्थ पुढें येऊन पायां पडले. त्यांची मुलगी हल्लीं सहावीत आहे, आणि त्या दिवशीं ती समूहनृत्यांत होती. आम्हीं त्यांस तत्काळ ओळखलें. एस. टी. च्या आगारांत ते यंत्रदुरुस्तीचें काम करतात. आम्हीं त्यांस बाजूस नेलें आणि १९९४ च्या त्या रात्रीबद्दल मनापासून क्षमा मागितली. तूं उभा राहिलास तसा आमच्या नाटकांत दुसरें कोणी बोललेंही नाहीं, असें सांगितलें. लंडनचा तो शिपाईही सांगितला. बोलण्याच्या भरांत आम्ही बरेंच बोललों असूं. ते मान खालीं घालून ऐकत होते, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू हंसूं आलें. त्यांनीं बोलावयास तोंड उघडलें. पहिलें अक्षर अडलें. या खेपेस आम्ही थांबलों.

"भ... भाला फार जड होता, सर," ते म्हणाले. "हात भरून आला होता."